दीर्घ आजार आणि आपले सांत्वनवाङ्मय

मराठी ख्रिस्ती कुटुंबात आजाऱ्याच्या उशाशी बसून वाचता येईल असे जे वाङ्मय आपल्याकडे आहे, ते चिकित्सक दृष्टीने चाळले असता एक उणीव चटकन ध्यानात येते. त्या वाङ्मयात आजाराला आरंभ आहे व शेवट आहे, मध्य नाही. एका प्रकारच्या पुस्तिकांत डॉक्टर हात टेकतात, प्रार्थना होते आणि आजारी उठून बसतो. दुसऱ्या प्रकारच्या लेखनात पुण्यमरणाचे वर्णन असते : संस्कार झालेले, मुलेबाळे भोवती जमलेली, ओठांवर प्रभूचे नाम. या दोन्ही गोष्टी घडतात आणि त्यांबद्दल देवाचे उपकार मानणे योग्यच आहे. परंतु जो बरा होत नाही आणि ज्याचा अंतही जवळ दिसत नाही, अशा माणसाच्या घरात सातव्या किंवा अकराव्या वर्षी धर्मगुरूने कोणते पान उघडावे? आमच्या पाहण्यात अशी पाने फार थोडी आली. त्या थोड्या पानांचा शोध घ्यावा आणि ज्या पानांवर आपण आजवर विसंबलो त्यांचीही परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न ग्रंथालयात उद्भवलेला नाही. इंदूर शहराच्या परदेशीपुरा भागात गृहभेटी देताना तो आमच्यासमोर उभा राहिला. ज्या वाचकांस हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी इतके सांगणे पुरे, की ही गिरणी कामगारांची वस्ती. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल या गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळी येथला दिवस चाले. शेजारीच नंदानगर आणि तेथील कामगार विमा रुग्णालय. होळकरांच्या राजधानीत मराठी भाषा राजवाड्याच्या आसपास नांदली हे सर्वांस ठाऊक आहे. ती गिरण्यांच्या सावलीतही नांदली, हे फारसे कोणी सांगत नाही. येथील मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी. ती मिस्सा हिंदीत ऐकतात, बाजार हिंदीत करतात, क्वचित भांडतातही हिंदीत. आजाऱ्याशी मात्र मराठीत बोलतात.

हुकुमचंद गिरणी १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली आणि सुमारे ५,९०० कामगारांची देणी अडकून राहिली. दावे चालले, वर्षे लोटली, कित्येक कामगार मधल्या काळात निवर्तले. अखेर सुमारे २२४ कोटी रुपयांच्या देण्याचा प्रश्न २५ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी, समारंभपूर्वक मार्गी लागला. बत्तीस वर्षे! या बत्तीस वर्षांनी वस्तीच्या बोलण्यात एक शब्द मुरवला आहे, तो म्हणजे 'तारीख'. पुढली तारीख कधी? मागल्या तारखेला काय झाले? आणि आमच्या असे लक्षात आले, की दीर्घ आजाराबद्दलही माणसे येथे याच शब्दाने बोलतात. डॉक्टरची तारीख असते, तपासणीची असते. नोव्हेनाचा नववा दिवस हीदेखील एक तारीखच होऊन बसते.

अशाच एका घरात, मागावर हयात घालविलेले एक गृहस्थ अर्धांगाने अकरा वर्षे खाटेवर आहेत. वाचा गेलेली आहे. त्यांच्या पत्नीने एके दिवशी आम्हांस विचारले, "फादर, मी यांच्यासाठी मागू तरी काय? बरं कर म्हणू, की सोडव म्हणू? पहिलं मागून अकरा वर्षं झाली. दुसरं मागायला जीभ उचलत नाही." हा प्रश्न आमच्या बहुतेक धर्मबंधूंना कधी ना कधी विचारला गेला असेल. त्याला उत्तर देण्यापूर्वी आपणच स्वतःला विचारले पाहिजे : ज्याला आपण ख्रिस्ती आशा म्हणतो ती अशीच एक लांबलेली तारीख आहे काय? देव हा आपला ऋणको, आपण फिर्यादी, आणि निकाल तेवढा राहिला आहे, असा आपला समज आहे काय?

मुळात आपला शब्दच थोडा अडचणीचा आहे. बायबलच्या मराठी भाषांतरांनी 'आशा' हा शब्द स्वीकारला आणि दुसरा योग्य शब्द होता असेही नाही. परंतु मराठी कानावर त्याचे संस्कार निराळे झालेले आहेत. संतवाङ्मयात आशा ही तृष्णेची जोडीदारीण. ती माणसाला बांधते, नाचविते. व्यवहारात आपण 'वेडी आशा' म्हणतो, 'आशेला लावले' म्हणतो, आणि त्यातून फसवणुकीचा वास येतो. 'उमेद' तरुणाची असते, 'धीर' संकटात देतात, 'भरवसा' माणसावर ठेवतात. पौल रोमकरांस लिहिताना (८:२४-२५) जे सांगतो त्यात या तिन्हींचा अंश आहे. आणि त्याचे मुख्य म्हणणे असे की डोळ्यांपुढे आलेल्या गोष्टीविषयी आशा हा शब्द वापरताच येत नाही. आपली प्रवचने मात्र बहुधा डोळ्यांपुढे येऊ घातलेल्या गोष्टीविषयीच आशा देतात : सूज उतरेल, जेवण जाऊ लागेल, पुढल्या नाताळला चालत देवळात याल. ही आशा द्यावी. परंतु ती डॉक्टरांनी द्यावी, आणि खरी असेल तर द्यावी. धर्मगुरूने ती दिली आणि ती फळली नाही, म्हणजे आजाऱ्याच्या घरी डॉक्टरचा नव्हे, देवाचा शब्द खोटा पडतो.

या संदर्भात ईयोबाच्या पुस्तकाचे आपण काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. बेचाळीस अध्यायांपैकी पहिले दोन व शेवटला, एवढेच आपण खऱ्या अर्थाने वाचतो. संपत्ती गेली, शरीरावर गळवे आली, ईयोबाने दोष दिला नाही. आणि मग सर्व दुप्पट परत मिळाले. मधले अध्याय, जेथे ईयोब ओरडतो, देवाला न्यायालयात खेचू पाहतो, मित्रांना निरुपयोगी वैद्य म्हणतो, ते आपण पांडित्याच्या स्वाधीन केले आहेत. वस्तुतः दीर्घ आजार हा त्या मधल्या अध्यायांतच राहतो. तिसऱ्या अध्यायापासून सदतिसाव्यापर्यंत देव एक शब्दही बोलत नाही. प्रवचनकाराला ही शांतता सहन होत नाही म्हणून तो घाईने अडतिसाव्या अध्यायाकडे धावतो. आजाऱ्याच्या घराला तशी सोय नसते.

सातव्या अध्यायाचेच उदाहरण घ्या. ईयोब प्रथम सांगतो की रात्री सरता सरत नाहीत, कूस बदलण्यातच पहाट होते. आणि लगेच पुढे म्हणतो की दिवस विणकराच्या धोट्याहून वेगाने निघून जात आहेत. टीकाकारांना यात विसंगती दिसते. ज्याने आजाऱ्याचे घर पाहिले आहे त्याला ती दिसणार नाही. रात्र संपत नाही आणि वर्षे मात्र निघून जातात, हाच तेथला अनुभव आहे. त्याच ओवळीत (७:६) ईयोब म्हणतो की त्याचे दिवस आशेवाचून संपतात. येथे मूळ हिब्रू शब्द आहे 'तिक्वा'. त्याचा एक अर्थ आशा आणि दुसरा अर्थ धागा, दोरा. यहोशवाच्या पुस्तकात राहाबेने खिडकीला बांधलेल्या लाल दोरीसाठी हाच शब्द आला आहे. धोट्याच्या उपमेनंतर तो शब्द ऐकताना हिब्रू श्रोत्याला दोन्ही अर्थ जाणवले असणार : धोटा धावतो आहे आणि कांडीवरचे सूत संपत आले आहे. गिरणीच्या वस्तीत हे सांगायला भाष्याची गरज पडली नाही. उपरोक्त घरी आम्ही ते सांगितले तेव्हा त्या गृहस्थांनी चालत्या हाताची दोन बोटे एकमेकांवर फिरवून गाठ मारल्याची खूण केली. सूत तुटले म्हणजे विणकर माग थांबवतो व गाठ मारतो. यावर अधिक बोलण्याचा मोह आम्ही आवरतो.

याच पुस्तकातील आणखी एक व्यक्ती आपल्या विषयाच्या अगदी मध्यभागी आहे, आणि तिला आपण सर्वाधिक अन्याय केला आहे. ती म्हणजे ईयोबाची पत्नी. हिब्रू पाठात तिला केवळ एक वचन मिळाले (२:९), आणि त्या एका वचनावरून संत ऑगस्टीनसारख्या आचार्याने तिला सैतानाची मदतनीस ठरविले. परंतु ख्रिस्तपूर्व काळात अलेक्झांड्रियाच्या यहुदी परंपरेतून आलेल्या ग्रीक भाषांतरात, ज्याला आपण सेप्टुआजिंट म्हणून ओळखतो, तिचे भाषण बरेच मोठे आहे. तेथे आरंभीच सांगितले आहे की ती बोलली ती पुष्कळ काळ लोटल्यानंतर. ती नवऱ्याला विचारते की थोडे थांबू, सुटकेची आशा आहे, असे म्हणत तू आणखी किती दिवस काढणार? ती आपल्या गेलेल्या लेकरांची आठवण काढते, आपल्या प्रसववेदना व्यर्थ गेल्याचे सांगते. आणि सांगते की तू बाहेर कुजत बसला आहेस आणि मी मोलकरणीसारखी दारोदार, घरोघर फिरते आहे, दिवस कधी मावळेल आणि अंग कधी टेकेन याची वाट पाहत. मग शेवटी ते कठोर वचन येते.

हा पाठ मूळचा की मागाहून भरलेला, हा वाद पंडितांचा आहे. बहुतेक अभ्यासक तो मागाहूनचा मानतात. आमच्या मते तो मागाहूनचा असल्यास अधिकच मोलाचा आहे. कारण मग असे म्हणावे लागेल, की हे पुस्तक वाचणाऱ्या कोणा श्रद्धावंताला ती एका वचनाची बाई अपुरी वाटली. आजाऱ्याच्या शेजारी राबणाऱ्या माणसाचा जबाब नोंदविल्याशिवाय आजाराची हकिकत पूर्ण होत नाही असे त्याला वाटले. आशेविषयीची शंका ईयोबाच्या घरात प्रथम तीच उच्चारते. आपल्या सांत्वनवाङ्मयात तिची जागा आजही एका वचनाएवढीच आहे. आजाऱ्याने धीराने सोसावे यावर पाने भरतात. त्याची कूस वळविणाऱ्या, अंथरूण धुणाऱ्या, मोलमजुरी करून औषध आणणाऱ्या व्यक्तीला 'देवाने तुम्हांला सेवेसाठी निवडले आहे' या एका वाक्यावर वाटेला लावले जाते. हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते घाईचे आहे, एवढे निश्चित.

आता मराठीकडे वळू. आमच्या मते दीर्घ आजाराचा मधला काळ ज्या मराठी ख्रिस्ती पुस्तकात खऱ्या अर्थाने उमटला आहे, ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ प्रत्येक धर्मशिक्षकाच्या घरी असतो किंवा असावा. मात्र आपण तो ज्या हेतूने वाचतो त्या हेतूनेच त्याचा अर्धा भाग आपल्या हातून निसटतो. आपल्याला त्यात रेव्हरंड टिळकांचे ख्रिस्तीकरण हवे असते, १८९५ चा बाप्तिस्मा हवा असतो, नंतरचा विरह आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी घेतलेला बाप्तिस्मा हवा असतो. तोवरची पाने आपण गंमत म्हणून वाचतो.

त्या गमतीत काय आहे? लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत फाशी झाली. त्या धक्क्यातून वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून आलेली कोणतीही वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. स्पर्शाचा धाक, विटाळाचा धाक, अखंड पाणी. गोदाकाठच्या जलालपुरातील ते सारे घर त्या एका माणसाच्या भयाभोवती फिरू लागले. लक्ष्मीबाई याला आजार म्हणत नाहीत. आजचा मानसोपचारतज्ज्ञ बहुधा म्हणेल. तो काही दिवसांचा नव्हता, वर्षानुवर्षांचा होता. एक माणूस आजारी असतो आणि घर त्या आजाराचे नियम पाळते, या गोष्टीचे इतके नेमके चित्र मराठीत दुसरे क्वचितच सापडेल. शिवाय त्या आजाराने रूप घेतले ते अस्पृश्यतेचे. समाजाने जे विष पाजले होते तेच भयाच्या क्षणी उसळून वर आले. या ग्रंथाच्या ख्रिस्ती वाचकाने येथे क्षणभर थांबणे अगत्याचे आहे.

हे सर्व त्या लिहितात ते हसत. आपण हसतो, आणि मग आपल्याला आपल्या हसण्याची थोडी लाज वाटते; तोवर लक्ष्मीबाई पुढे गेलेल्या असतात. काही वाचकांना हा विनोद म्हणजे दुःखाकडे पाठ फिरविणे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात आजार वर्षानुवर्षे राहतो त्या घरात विनोदही राहतो. तो नसेल तर माणसे टिकत नाहीत. भेटीस आलेल्या पाहुण्याला तो अनुचित वाटतो, कारण पाहुणा गंभीर चेहरा करून आलेला असतो व अर्ध्या तासात जाणार असतो. आशेचे पहिले लक्षण, निदान मराठी घरात तरी, हे असू शकते की आजाराला घरातील एकमेव विषय होऊ दिलेले नाही. लक्ष्मीबाईंनी हे ख्रिस्ती होण्यापूर्वी शिकून घेतले होते, ही बाब आपण प्रांजळपणे मान्य करावी. कृपा बाप्तिस्म्याची वाट पाहत दाराबाहेर थांबलेली नसते.

अर्थात ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्या वेडाचा खरा भार ज्या स्त्रीने वाहिला, त्या आईचा स्वतःचा आवाज आपल्याला फारसा ऐकू येत नाही. मुलीच्या विनोदाआड ती उभी आहे. ईयोबाच्या पत्नीसारखेच तिलाही एखाद्या ग्रीक भाषांतरकाराची गरज होती. आणि पुढे, टिळकांचा अंत ९ मे १९१९ रोजी मुंबईत झाला त्यासंबंधीच्या पानांतही लक्ष्मीबाई आशेची व्याख्या करीत नाहीत, तत्त्व सांगत नाहीत. जो धर्मगुरू या ग्रंथात प्रवचनासाठी तयार उतारा शोधील त्याची निराशा होईल. त्या माणसांविषयी लिहितात, आणि मृत्यूनंतरही त्या माणसाचे अर्धे राहिलेले 'ख्रिस्तायन' हातात घेऊन पुरे करतात. आम्हांस वाटते की हेच त्यांचे आशाशास्त्र आहे. पण ते त्यांनी तसे म्हटलेले नाही, आणि आपणही त्यांच्या तोंडी ते घालू नये.

पंडिता रमाबाईंच्या शेवटल्या वर्षाबद्दलही असेच काहीसे म्हणता येईल. त्यांची एकुलती कन्या मनोरमाबाई १९२१ च्या जुलै महिन्यात वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मधले आठ-नऊ महिने त्या केडगावी आपल्या बायबल भाषांतराच्या कामात होत्या. आपण प्रवचनात हे महिने एका वाक्यात ओलांडतो आणि ते वाक्य धैर्याविषयी असते. थकलेल्या, ऐकू कमी येणाऱ्या, मुलीला मूठमाती दिलेल्या बाईने सकाळी उठून मजकूर तपासणे, याला धैर्य म्हणावे की दुसरे काही म्हणावे, याचा विचार करण्याइतका वेळ आपण त्या महिन्यांना देत नाही.

पाश्चात्त्य लेखकांपैकी सी. एस. लुईस यांची दोन पुस्तके एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. १९४० साली त्यांनी दुःखाच्या समस्येवर एक अत्यंत तर्कशुद्ध ग्रंथ लिहिला. पुढे १९५७ साली कर्करोगाने आजारी असलेल्या जॉय डेव्हिडमन यांच्याशी त्यांनी रुग्णालयातील खाटेशेजारी विवाह केला. मध्यंतरी आजाराला उतार पडला, तो पुन्हा उलटला आणि १९६० च्या जुलैत त्या वारल्या. १९६१ साली लुईस यांनी शोकाविषयीची आपली टिपणे टोपणनावाने छापली. पहिल्या पुस्तकात उत्तरे आहेत; दुसऱ्यात देवाचे दार आतून बंद झाल्याचा अनुभव आहे आणि तरीही लेखक दारापासून हललेला नाही. आपल्या गुरुकुलांत पहिले पुस्तक शिकविले जाते. आमची नम्र सूचना अशी, की आजाऱ्यांच्या सेवेस पाठविल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरे आधी वाचावे.

ख्रिस्तसभेच्या विधीकडे पाहिले तर तेथे आपल्या आचारापेक्षा अधिक शहाणपण आढळते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले, की ज्याला 'अंतिम अभ्यंग' म्हणत आले त्याला 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणणे अधिक योग्य, व तो केवळ मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी नाही. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी त्याप्रमाणे नवा विधी मंजूर केला. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार त्याच आजारात प्रकृती अधिक गंभीर झाली तर हा संस्कार पुन्हा देता येतो. इतकी दशके लोटली. तरीही आमच्या धर्मग्रामांत तेलाची कुपी घेऊन फादर गल्लीत शिरले की शेजारी विचारतात, "कधी गेले?" हा दोष लोकांचा नव्हे. आपणच संस्कार शेवटल्या घटकेपर्यंत ठेवला, आणि याकोबाच्या पत्रात (५:१४) जे तेल मंडळीच्या भेटीची खूण होते ते मृत्यूची सूचना होऊन बसले. मधल्या वर्षांसाठी दिलेला संस्कार आपण मधल्या वर्षांतून काढून घेतला.

येथवर पुष्कळसा दोषच दाखवून झाला. मग त्या बाईंना उत्तर काय द्यावे?

पोप दुसरे जॉन पॉल यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी जे प्रेषितीय पत्र लिहिले, त्याच्या उत्तरार्धात त्यांनी चांगल्या शमरोन्याच्या दाखल्याचे विवेचन केले आहे. त्या पत्रातील पूर्वार्ध, जेथे दुःख भोगणाऱ्याला ख्रिस्ताच्या दुःखात सहभागी मानले आहे, तो आपण वारंवार वापरतो. आजाऱ्याच्या घरी तो अतिशय जपून वापरावा असे आमचे मत आहे. माणूस स्वतः म्हणेल तर ते सत्य आहे. त्याला दुसऱ्याने म्हणून दाखविले तर ते ओझे होते. शमरोन्याचा दाखला मात्र निराळा आहे. आपण तो आणीबाणीच्या मदतीचा दाखला मानतो : वाट, जखमी, तेल, द्राक्षारस, गाढव. परंतु लूक (१०:३५) तेथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी शमरोनी निघून जातो. जखमी मागे राहतो, आणि त्याची शुश्रूषा करायची जबाबदारी पडते ती धर्मशाळेच्या रखवालदारावर. दीर्घ आजाराचा दाखला आपल्याला हवा असेल तर तो या रखवालदाराचा आहे. त्याने जखमीला वाटेवर पाहिले नव्हते, त्याला निवडले नव्हते. त्याच्या हाती तीन गोष्टी आहेत : एक बरा न झालेला माणूस, दोन नाणी, आणि 'मी परत येईन, तेव्हा अधिक लागेल ते देईन' अशा आशयाचा एक शब्द. केव्हा येईन ते शमरोन्याने सांगितलेले नाही. तारीख नाही.

ओरिजेनने धर्मशाळेत ख्रिस्तसभा पाहिली आणि शमरोन्याच्या परतण्यात प्रभूचे पुनरागमन पाहिले. रूपकांचा अतिरेक म्हणून आधुनिक भाष्यकार हे बाजूस सारतात. आम्हांस ते बाजूस सारवत नाही, कारण येथे ख्रिस्ती आशेचे स्वरूप ईयोबाच्या पत्नीच्या प्रश्नाला तोंड देईल इतके स्पष्ट होते. रखवालदाराची आशा जखमीच्या सुधारण्यावर अवलंबून नाही. जखमी बरा झाला तरी शब्द पाळला जाणार, न झाला तरी पाळला जाणार. हे येणे नव्हे, ज्याचा दावा लावावा. देणाऱ्याच्या चारित्र्यावर ठेवलेला हा भरवसा आहे. आणि तो शब्द पोकळ नाही. त्याने दोन नाणी आधीच मोजून दिली आहेत. थोडी आहेत. पण हातात आहेत.

म्हणून त्या बाईंना आम्ही असे सांगितले, की दोन्हींपैकी जे जिभेवर येईल ते मागावे, आणि काहीच येणार नाही त्या दिवशी काही मागू नये. ख्रिस्तसभेच्या प्रार्थनापुस्तकात आजाऱ्याने उठावे अशीही प्रार्थना आहे आणि निघालेल्या आत्म्याने शांतीने जावे अशीही आहे. एका आईच्या दोन हातांत त्या दोन्ही मावतात. 'सोडव' म्हणणे म्हणजे मरण चिंतणे नव्हे. मार्थेनेही लाजर गेल्यावर प्रभूला सरळ दोष दिला होता, आणि पुनरुत्थानाविषयीचे सर्वांत मोठे वचन तिला मिळाले ते त्या तक्रारीनंतर.

दोन नाण्यांविषयी मात्र धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी स्वतःकडे पाहावे. रखवालदाराला शमरोन्याने नुसता उपदेश केला नाही. एखाद्या धर्मग्रामात अकरा वर्षे खाटेवर असलेला माणूस असेल आणि त्याच्या पत्नीला रविवारच्या मिस्सेला येता येत नसेल, तर तिला 'उपस्थिती कमी' म्हणून सांगण्यापूर्वी तो एक तास त्याच्याजवळ कोण बसेल याची व्यवस्था लावावी लागेल. परदेशीपुऱ्यात ही व्यवस्था दोन महिने चालली, मग सुट्यांत मोडली, पुन्हा लावली. ख्रिस्तप्रसाद घरी नेणाऱ्याने तो देऊन लगेच उठू नये; चहा घ्यावा. आजाऱ्याबद्दल विचारून झाल्यावर, तुमची झोप कशी आहे, असे त्या दुसऱ्या माणसाला विचारावे. या गोष्टी इतक्या लहान आहेत की धर्मशास्त्राच्या पत्रिकेत लिहिताना संकोच वाटतो. तरी त्या अभ्यासक्रमात कोठेही नाहीत.

अखेरचा एक मुद्दा. दीर्घ आजाराने माणूस गेला की मराठी माणूस म्हणतो, 'सुटला बिचारा'. शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, आणि प्रवचनात आपणही त्याला ख्रिस्ती पेहराव चढवून तेच म्हणतो. जाणाऱ्यापुरते ते खरे असेल. परंतु राहिलेल्याने, 'मीही सुटले', असे मनात म्हटलेले असते आणि त्या विचारापासून ती दचकून दूर झालेली असते. तिच्यासमोर 'सुटला' या शब्दाचा उच्चार करताना हे ध्यानात ठेवावे. मूठमातीच्या दिवशी पुष्कळ माणसे येतात. महिनामासाला बरीच येतात. त्यानंतर खाट माळ्यावर चढते, औषधांच्या बाटल्या कोणी तरी भंगारवाल्याला देते, आणि कित्येक महिने त्या बाईला पहाटे तीन वाजता, कूस वळविण्याच्या वेळेला, आपोआप जाग येत राहते. त्या वेळेसाठी आपल्या प्रार्थनापुस्तकात एकही प्रार्थना नाही. ती कोणी तरी लिहिली पाहिजे. आणि लिहिणाऱ्याने आधी त्या वेळी जागून पाहिलेले असावे.